सेंटची अर्धी बाटली आणि एक 'हो'

टपाल खात्याचा कारभार विश्वासावर चालतो. तपासण्यापेक्षा विश्वास ठेवणं सोपं, आणि त्याला माणसंही कमी लागतात. म्हणून पार्सलच्या खिडकीवर एवढंच विचारतात, "आत ज्वालाग्राही, विषारी, स्फोटक काही आहे का?" गेल्या अकरा वर्षांत त्या खिडकीवर चार लाख लोकांनी 'नाही' म्हटलं. (बऱ्याच जणांनी प्रश्न पुरा व्हायच्या आत.) यावरून या शहरातल्या घरांत नेलपॉलिश, रंगाचे डबे, फिनेल किंवा मोबाईलच्या बॅटऱ्या नसतातच, हे आकडेवारीने सिद्ध होतं.

मास्तरांमुळे या आकडेवारीला गालबोट लागलं.

मास्तरांनी चौतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. बायको जाऊन चार महिने झाले होते. दूर राहणाऱ्या मुलीने फोनवर एवढंच मागितलं, "बाबा, आईची सेंटची बाटली पाठवा ना. उरली असेल तेवढी." अर्धी उरली होती. मास्तर ती रुमालात गुंडाळून खिडकीशी आले.

"ज्वालाग्राही काही?" खिडकीतल्या बाईंनी वर न बघता विचारलं.

"हो."

बाईंनी वर बघितलं.

"सेंट आहे. बहुतेक स्पिरिटच असतं त्यात."

संगणकाला 'हो' ठाऊक नव्हतं. तो बंदच पडला. रांग चुळबुळायला लागली.

"काका, नाही म्हणून टाका की!" मागचा माणूस म्हणाला. त्याच्या खोक्याला टर्पेंटाइनचा वास येत होता. "आम्ही सगळे तेच म्हणतो."

मास्तरांचा जीव बाटलीत अडकला होता. बाटली परत नेली तर मुलीला काय सांगायचं? 'नाही' हा शब्द अगदी ओठांवर आला. पण ते म्हणाले, "स्पिरिटला आपलं 'नाही' ऐकू येत नाही हो."

नियमांचं पुस्तक शोधलं. ते डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली, उत्तम स्थितीत सापडलं. (वापर नसल्याने.) झाकण चिकटपट्टीने बंद करावं, गळती न होणारी पिशवी घ्यावी, सांडलं तर सगळं टिपेल इतका कापूस भरावा, खोकं टणक असावं, वर इशाऱ्याची चिठ्ठी लावावी, विमानाने पाठवू नये. मास्तरांनी सगळं तिथेच, तासभर उभं राहून केलं. पोस्टमास्तरांनी त्यांचं अभिनंदन केलं, लांबूनच.

एकोणीस दिवस ट्रकने प्रवास करून बाटली पोचली. थेंबही सांडला नव्हता. फोनवर मुलगी म्हणाली, "बाबा, घरभर आई झालीये." मास्तर चष्मा पुसत राहिले.

खात्याने चौकशी समिती नेमली. अकरा वर्षं शून्यावर असलेली धोकादायक पार्सलांची संख्या अचानक एकावर गेली होती, आणि शून्यावरची वाढ टक्क्यांत बसत नसल्याने ती अतिगंभीर ठरली. मास्तरांना समज देण्यात आली.

तुम्ही परवा पाठवलेल्या 'फक्त कपड्यां'चा मात्र अहवालात कुठेही उल्लेख नाही. खोक्याचा तळ जरा ओला होता. पण कपडे ओले असू शकतात, असं बाईंनी समजून घेतलं आणि पार्सल दुपारच्या विमानात चढवलं. विमानात सामानाच्या वरच्या मजल्यावर माणसं होती, पट्टे नीट बांधून बसलेली.