खुमालोबाबा आणि त्यांची माणसं

खुमालोबाबा स्वतःच्याच घरात शिरताना आधी दारावर टकटक करतात. घरात ते एकटेच राहतात. तरी टकटक करायची, जरा थांबायचं, मग किल्ली लावायची.

इंग्लंडात लेस्टरला मी त्यांच्या शेजारी राहायला आले तेव्हा मला वाटलं, किल्ली विसरले असतील. खिडकीतून विचारलं, कुणाला बोलावू का? म्हणाले, "आत थोरली मंडळी बसलेली असतात. एकदम कसं घुसायचं?"

थोरली मंडळी म्हणजे त्यांचे वारलेले आजे-पणजे. बाबा झुलू, साउथ आफ्रिकेचे. मंडळी त्यांच्या मागोमाग इथे आली, आणि तीही व्हिसाशिवाय, असं ते अभिमानाने सांगतात.

जॅझ पियानो वाजवण्यात त्यांचा हात धरणारा मी तरी ऐकला नाही. ते मात्र म्हणतात, "मी फक्त बोटं देतो." सूर चुकला तर तो आजोबांचा, ते हट्टी होते. वाजवण्याआधी एक वाळलेली वनस्पती जाळून पूर्वजांना बोलावणं धाडतात. त्या धुराने स्मोक अलार्म बोंबलायला लागतो आणि मी त्याच्याखाली टी-टॉवेल हलवत उभी राहते. बाबा अलार्मचीही माफी मागतात.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी घरीच मैफल ठेवली. खुर्च्या माझ्या, केक पलीकडच्या मार्गारेटचा. मी ऑफिसातल्या मंदारलाही बोलावलं. ओळख झाल्या झाल्या त्याने मला गाव आणि आडनाव विचारलं होतं. गाव लेस्टर, असं सांगून मी ते टोलवलं होतं.

बाबा पियानोशी बसले, पण झाकण उघडेनात. आमच्याकडे वळून म्हणाले, "तुमची माणसं कोण? ती आत आल्याशिवाय मी वाजवू कसा?"

मार्गारेट म्हणाली, वडील मोज्यांच्या कारखान्यात होते. बाबांनी झाकण उघडून त्यांच्यासाठी चार सूर वाजवले. मंदारने थेट गोत्रापासून सुरुवात केली आणि पणजोबांच्या वाड्यापर्यंत आला. त्यालाही चार सूर मिळाले.

मग माझी पाळी. हा प्रश्न मला नवा नव्हता. आमच्याकडे तो विचारतात, आणि उत्तर ऐकून माणसाला कुठे बसवायचं ते ठरवतात. मंदार कान टवकारून बसला होता. मनात म्हटलं, घे, ऐक एकदाचं.

"माझी आजी सोनाबाई. नगरपालिकेत रस्ते झाडायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिली मी चढले, ती तिच्या झाडूच्या जोरावर."

मंदार कपात बघू लागला. खुमालोबाबा मात्र उठून उभे राहिले. आतापर्यंत कुणासाठी ते उठले नव्हते. "सोनाबाई," त्यांनी हळू, जपून उच्चारलं. मग बसले आणि वाजवू लागले. चार सुरांवर थांबले नाहीत. खिडकीतला उजेड जाईपर्यंत वाजवत राहिले. माझ्या आजीला बघून जन्मात कुणी उठलं नव्हतं. मी ताठ बसून ऐकलं.

टाळ्या झाल्यावर मार्गारेटने सहज विचारलं, "आणि तुमची माणसं?"

बाबा म्हणाले, आमच्यात कुळाची नावं स्वतः मिरवायची नसतात. दुसऱ्याने त्या नावांनी हाक मारायची, की माणसाला आपण कुणाचे ते कळतं. इथे कोण मारणार? बहीण मारायची फोनवर. ती गेली, त्याला बरीच वर्षं झाली.

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि म्हटलं, "शिकवा मला." त्यांनी माझ्या कानाशी कुळाची दोन नावं सांगितली.

मी उभी राहिले आणि खणखणीत हाक मारली, "मन्तुंग्वा! म्बुलाझी!"

उच्चार धड नव्हते, मला कळत होतं. एरवी बाबा माझ्या इंग्रजीतसुद्धा चुका काढतात, या मात्र काढल्या नाहीत. गुडघ्यांवर हात ठेवून, डोळे मिटून बसून राहिले.

"पोरी," ते म्हणाले, "परत एकदा."