विषयाला धरून

दातांच्या डॉक्टरांना अभिमान दोनच गोष्टींचा. एक, गच्चीवरच्या पेटीत पाळलेल्या मधमाश्या. आणि दुसरी, मधमाश्या पाळणाऱ्यांच्या ईमेल गटाला त्यांनी लावलेली शिस्त. पूर्वी त्या गटात नुसता सावळा गोंधळ होता. कुणी 'नमस्कार' असा विषय टाकून मुंग्यांवर उपाय विचारी, तर कुणी 'एक शंका' म्हणून जुनी शिडी विकायला काढी. डॉक्टरांनी नियम केले. विषय स्पष्ट लिहा. नवी गोष्ट असेल तर नवी मेल. फोन नंबर मागू नका, देऊ नका. एखादा विषय मी बंद केला की त्या नावाची मेल न वाचता पुसून टाका. बंद केलेल्या विषयाला उत्तर दिलं म्हणून गटातल्या एका बेकरीवाल्याला तर त्यांनी सगळ्यांदेखत झाडलं होतं.

आणि एका रविवारी सकाळी राणीमाशीने बिऱ्हाड हलवलं. निम्म्या माश्या घेऊन ती उडाली आणि खालच्या मजल्यावर, सासूबाईंच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या दुलईवर जाऊन बसली. डॉक्टर धावत खाली गेले.

"जावईबापू, तुमची मंडळी आलीत," बाथरूमच्या दारामागून सासूबाई म्हणाल्या.

"आई, घाबरू नका. त्या आत्ता काही करायच्या नाहीत."

"मी कुठे घाबरलेय? कडी लावून निवांत बसलेय."

रिकामी पेटी मिळाली तर थवा हाती लागणार होता, नाहीतर दोन वर्षं जिवापाड जपलेल्या माश्या कायमच्या जाणार होत्या. डॉक्टरांकडे जादा पेटी नव्हती. त्यांनी घाईघाईने फोन काढला, गटातली सगळ्यात वरची मेल उघडली आणि तिच्याच उत्तरात लिहून टाकलं: 'थवा उडालाय. रिकामी पेटी घेऊन लगेच या.' खाली पत्ता दिला.

कुणाचाच पत्ता नाही. दुलईवरच्या माश्या चुळबुळ करायला लागल्या. अखेर बेकरीवाल्याचं उत्तर आलं. 'डॉक्टरसाहेब, सहलीच्या फोटोंचा विषय काल आपणच बंद केलात. नियमाप्रमाणे आपली मेल न वाचता पुसली आहे.'

"अहो, विषय बदलला नाहीत का?" बायकोने खांद्यावरून डोकावत विचारलं.

डॉक्टरांनी नवी मेल लिहिली. विषय: 'तातडीने रिकामी पेटी हवी, थवा बाल्कनीत.' थोड्याच वेळात तिघं तीन पेट्या घेऊन हजर झाले. सगळ्यात पुढे बेकरीवाला, कोपरापर्यंत पिठाने माखलेला. पण तोवर थवा उठला होता आणि समोरच्या इमारतीवरून दिसेनासा झाला होता.

"माझंच चुकलं. उघडून बघायला हवी होती," बेकरीवाला ओशाळून म्हणाला.

"नाही हो," डॉक्टर कसेबसे म्हणाले. "तुम्ही नियम पाळलात."

सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी दुलई झटकली आणि सगळ्यांना चहा दिला.

"हा तुमचा गट फार कामाचा दिसतो. मलाही घ्या त्यात," त्या म्हणाल्या.

आता नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? संध्याकाळी सासूबाईंची पहिली मेल गटात आली. विषयाच्या जागी एकच शब्द होता: 'जावई'. ना तपशील, ना खुलासा. डॉक्टरांचा पहिलाच नियम त्यांनी धाब्यावर बसवला होता.

गटातल्या झाडून सगळ्यांनी ती मेल तत्क्षणी उघडली.