अंगठ्याचा कौल

वाचणाऱ्यांस दंडवत, डोळे शाबूत राहोत. ही हकीकत लिहायची नाही असेच ठरले होते, दोनदा लिहून पुसली, कारण यात लढाई नाही, किल्ला नाही, एक प्रश्न आणि त्याचे भलतेच पोचलेले उत्तर, एवढेच. पण मनातून जाईना, म्हणून लिहिली. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, आश्विन मास, दिवाळी आठ दिवसांवर, ते समयी एका रियासतीत पार्सलांचे थोर गोदाम होते आणि तेथे दिवसपाळीची सरदारी हणमंतराव करीत होते. रियासतीचा रिवाज ऐसा की तोंडाने कोणी बोलत नसे. रजा, तक्रार, वाढदिवस, मयत, सगळे फोनवर लिहावे आणि वरून अंगठा उमटला की कौल मिळाला समजावे. अंगठा म्हणजे वाचले, अंगठा म्हणजे हो, अंगठा म्हणजे नंतर बघू, ज्याने त्याने आपापला अर्थ घ्यावा.

हणमंतराव आधी हमालीतच होते. दहा वर्षे त्यांनी आणि इलाही मुजावर यांनी एका सरकत्या पट्ट्यावर खोकी उचलली, एका डब्यात जेवले. मग सरदारी आली आणि जेवण उभ्याने होऊ लागले, घरी पोरगी काय बोलते ते कानावर पडे पण आत जाईना, आणि इलाही चारचौघांत साहेब म्हणू लागला, मग एकट्यातही. ते हणमंतरावांस टोचले, पण सांगायला सवड जाहली नाही. त्या दिवशी सकाळी दहास ते वरच्या मंडळींच्या मसलतीत बसले असता इलाहीचा निरोप आला, ‘साहेब, गावाकडं अम्मीला जास्त झालंय. थांबू का निघू?’ हणमंतरावांचे मनात आले, निघ की लेका, विचारतोस काय. आणि समोर मोठे साहेब आकडे विचारीत होते, म्हणून टेबलाखाली अंगठा दाबिला. तिकडे पट्ट्यावर इलाहीने तो अंगठा सोबतच्या पांडबास दाखविला. पांडबा म्हणाला, “आता दिवाळीचा माल सोडून कोण कुणाला जा म्हणतंय? थांब म्हणालेत. उचल खोकं.” इलाही थांबला.

मग दुपारी हणमंतराव पट्ट्यावरून गेले, इलाहीस पाहिले, आणि वाटले, म्हणजे अम्मीस उतार पडला असेल. मान हलविली आणि पुढे गेले. इलाहीनेही मान हलविली. दोघांत चार हात अंतर होते. गाव चार तासांच्या वाटेवर. म्हातारी तीनपर्यंत पोराचे नाव घेत होती, आणि पाचास बहिणीचा फोन आला.

तिसरे दिवशी हणमंतराव इलाहीच्या गावी गेले. ओसरीवर बसले आणि न राहवून बोलले, “तू निघाला का नाहीस रे?”

“तुम्हीच थांब म्हणालात की.”

“मी? कधी?”

इलाहीने फोन पुढे केला. दोघे त्या पिवळ्या अंगठ्याकडे बघत बसले.

“अरे, मी निघ म्हणालो होतो.”

“असं होय,” इलाही म्हणाला. त्याने फोन पालथा ठेविला. “दुपारी समोरनं गेलात. बोलायचं की.”

“तू का नाही विचारलंस?”

“विचारलं होतं ना साहेब. एकदा.”

आतून बहिणीने चहा आणून ठेविला. त्यावर साय धरली तरी कोणी कप उचलला नाही.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. गोदामाचा माल वेळेत गेला, कोणाचे मनात वाईट नव्हते, कोणावर ठपका आला नाही, आणि मायलेकांची भेट राहिली ती राहिली.

निघताना हणमंतरावांनी चपला पायात घातल्या, काढल्या, परत आले आणि इलाहीचा हात धरिला. “माफी मागत नाही, ती पुरायची नाही. पण शब्द देतो. इथनं पुढं तू काही विचारलंस, तर मसलत असू दे नाहीतर आग लागू दे, उठून तुझ्यापाशी येईन, आणि जा का थांब, ते तोंडानं सांगीन.”