भिंगरूचा पुढचा पाय

एका जंगलात, मुलांनो, आजारी पडायला कुणाची परवानगी लागत नसे. बरं व्हायला मात्र लागायची.

ही फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा तापमापी नव्हती, त्यामुळे आया ती दर दहा मिनिटांनी लावून बघत नसत. लेकराच्या कपाळाला नाक टेकवायच्या आणि मग काळजी करायच्या. तेवढ्यावर भागत होतं.

त्या जंगलात साळिंदर नावाचे वैद्य होते. काटा काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्वतःच्या पाठीवरचा एक बारीक काटा उपटायचे आणि त्यानेच दुसऱ्याचा काढायचे. पण टिटवीबाईंनी हो म्हटल्याशिवाय ते रोग्याला शिवत नसत.

टिटवीबाई ज्योतिषी होत्या. झोपताना त्या दोन्ही पाय वर करायच्या, आकाश कोसळलंच तर झेलायला. ते आजवर कोसळलं नव्हतं. यावरून बाईंचा अधिकार केवढा आहे, हे सगळ्यांना कळत होतं.

बाईंचं शास्त्र नदीपलीकडच्या माणसांच्या राजधानीतून आलं होतं. चंद्र बारा राशींतून फिरतो. प्रत्येक रास शरीराचा एकेक भाग सांभाळते. मेष डोकं, मिथुन हात, मीन पाय. चंद्र ज्या राशीत असेल, त्या राशीच्या भागाला वैद्याने शिवायचं नाही. सव्वादोन दिवस थांबायचं, की चंद्र पुढे सरकतो.

एके सकाळी शेवरी हरिणीच्या पाडसाला बाभळीचा काटा लागला. पाडसाचं नाव भिंगरू. काटा पुढच्या उजव्या पायात, खुराच्या फटीत गेला होता. शेवरीचं हे पहिलंच पाडस. ती त्याला घेऊन तडक वैद्यांकडे गेली.

"आजच लागायचा होता का?" वैद्य म्हणाले. "चंद्र आज पहाटेच मीनेत शिरलाय. पायाला शिवता येणार नाही, शेवरीताई."

"अहो, पण टोक दिसतंय. एका झटक्यात निघेल."

"निघेल ना. पण उद्या काही कमीजास्त झालं तर? मुहूर्त पाहून काढला आणि रोगी दगावला, तर ग्रहांची चूक. न पाहता काढला, तर माझी. मलाही बायकापोरं आहेत."

आता मुलांनो, शेवरी थोडी शिकलेली होती. शिकलेल्या आईची पंचाईत अशी की तिला शास्त्र मोडायचं धाडस होत नाही आणि त्यात फट शोधल्याशिवाय राहवत नाही. ती टिटवीबाईंकडे गेली.

"बाई, एक विचारू का? चुकत असेन तर सांगा. या राशी माणसाच्या अंगावरून ठरवल्यात ना? माणसाला पुढे हात असतात. मग भिंगरूचा हा पुढचा पाय म्हणजे हातच झाला. तो मिथुनेचा. आज काढला तर चालेल."

टिटवीबाई बराच वेळ एका पायावर उभ्या राहिल्या.

"शंका उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "सभा बोलवावी लागेल."

सभा बसली. रानगवा अध्यक्ष झाला. माकड म्हणालं, ज्याने खाता येतं तो हात. अस्वल म्हणालं, मग मी मध कशाने खातो ते आधी ठरवा. सापाने आपल्याला या विषयात रस नसल्याचं कळवलं. दोन दिवस असेच गेले.

तिसऱ्या दिवशी भिंगरूला ताप भरला.

"बाई, चंद्र मीनेतून गेला ना?" शेवरीने विचारलं.

"गेला की. सकाळीच गेला."

"मग आता तरी काढू द्या."

"आता प्रकरण सभेपुढे आहे. हात की पाय, ते ठरेपर्यंत काही करता येत नाही. तुम्हीच तर विचारलंत."

ते खरंच होतं. ती गप्प राहिली असती, तर काटा एव्हाना निघाला असता. शेवरी रात्रंदिवस हेच घोकत राहिली आणि भिंगरूच्या कपाळाला नाक टेकवत राहिली.

आठव्या दिवशी रानगव्याने फर्मावलं, "पाडसालाच पुढे आणा. त्याला नमस्कार करता आला तर हात, नाहीतर पाय."

भिंगरूला सभेत उभं केलं. पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. टेकवता येत नव्हता, म्हणून त्याने तो दुमडून छातीशी धरला. मान आपोआप खाली गेली.

सभा गहिवरली. "नमस्कार केला," माकड म्हणालं. "किती संस्कारी पोर आहे."

"म्हणजे हात," रानगव्याने निकाल दिला.

टिटवीबाईंनी बोटं मोजली. "छान झालं. फक्त चंद्र काल रात्रीच मिथुनेत आलाय. सव्वादोन दिवस हाताला शिवायचं नाही."

त्या दुपारी भिंगरूने दूध पिणं सोडलं. शेवरीने त्याला करवंदीच्या जाळीमागे नेलं. आपण चुकतोय याची तिला खात्री होती; तशी ती तिला नेहमीच असायची. तिने डोळे मिटले आणि दातांनी काटा ओढला. तो आला. त्यामागून बराच पू आला. ती संध्याकाळपर्यंत जखम चाटत बसली. अंधार पडायच्या आत भिंगरू दूध प्यायला.

मुहूर्ताच्या दिवशी वैद्य आणि टिटवीबाई वेळेवर हजर झाले.

"काटा कुठे गेला?" वैद्यांनी विचारलं.

"पडला," शेवरी म्हणाली. "आपला आपणच."

"पडणारच," टिटवीबाई म्हणाल्या. "मी त्याच्या नावाने रोज चंद्राकडे बघत होते." वैद्यांनी मान डोलावली. सभेने बाईंचा सत्कार केला.

भिंगरू वाचला. फक्त त्या पायाने थोडा लंगडायला लागला. सत्काराच्या गर्दीत शेवरीच्या जाऊबाईंना ते दिसलं.

"हे कसं गं झालं?"

टिटवीबाईंनी भिंगरूचा पाय उचलून नीट पाहिला. "इथे कुणाचे तरी दात लागलेत," त्या हळहळून म्हणाल्या. "हल्लीच्या आयांना धीर म्हणून नाही."

तात्पर्य : मुलाच्या पायात काटा रुतला तर आधी ज्योतिष्याला विचारावं, मग वैद्याला विचारावं, मग सभा भरवावी आणि मग जाळीमागे जाऊन स्वतः काढावा. मूल वाचलं तर ग्रहांनी वाचवलं, लंगडलं तर आईमुळे लंगडलं. एवढी सोपी वाटणी असताना लोक शास्त्राला अवघड का म्हणतात, कळत नाही.