न्हाणीघरातल्या बुरशीचा बंदोबस्त

शनिवारी सकाळी मिरेयाने न्हाणीघराचं दार उघडलं आणि कपाळावर हात मारला. परवाच क्लोरिनने घासून पांढरी केलेली भिंत पुन्हा काळी पडली होती. चांगली हातभर बुरशी, तीही ऐन दारासमोर.

तसं बघायला गेलं तर कोलोनसारख्या दमट बंदरगावात बुरशी कुणाकडे नसते? इथे कपाटातल्या चपलांनाही हिरवी लव फुटते. पण उद्या रविवारी एर्मिनियाबाई आपल्या मुलासाठी, रुबेनसाठी, मिरेयाच्या मुलीला, यामिलेतला, मागणी घालायला येणार होत्या. लग्नानंतर पोरं राहणार याच घरात, आणि रुबेनला लहानपणापासून दमा. बाईंनी स्पष्ट कळवलं होतं, की भिंत कोरडी दिसली तरच बोलणी, नाहीतर आल्या पावली परत.

मिरेयाने क्रिसांतो मेस्त्रींना बोलावलं. महिन्याभरातली ही त्यांची पाचवी खेप. मेस्त्री सत्तरीचे, एकटे, कामाला चोख. ते भिंत खरवडून रंग द्यायचे, मिरेयाची आई देल्फिना त्यांना कॉफी करून द्यायची आणि चार दिवसांत बुरशी पुन्हा हजर. आज मिरेयाने बजावलं, भिंतीचं राहू द्या, मूळ शोधा.

मेस्त्री शिडीवर चढले आणि छताजवळच्या झरोक्यात हात घातला.

"बाई, हवा जाणार कुठून? इथे कुणीतरी मुक्काम ठोकलाय."

टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर आलं. टॉवेल सोडला तर आत संत अंतोनियोचा छोटा पुतळा. मेस्त्री म्हणाले, आत उलटा उभा होता. नवरा हवा असेल त्या बाईने या संताला खाली डोकं वर पाय करून कोंडायचं आणि नवरा मिळाला की मगच सरळ उभं करायचं, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची दमदाटी. एर्मिनियाबाईंना कळलं असतं तर शोभा झाली असती.

तिने यामिलेतला फैलावर घेतलं. यामिलेत म्हणाली, माझं तर ठरल्यात जमा आहे, मी कशाला देवाला छळू?

"पोरीवर कशाला डाफरतेस?" देल्फिना स्वयंपाकघरातून आली. "मी ठेवलाय."

मिरेयाला भरूनच आलं. नातीसाठी किती हा जीव टाकणं, असं ती म्हणाली.

"नातीसाठी कशाला? तिला आहे की रुबेन. माझ्यासाठी."

मिरेया मटकन कमोडच्या झाकणावर बसली. आईचं वय एकाहत्तर, बाबांना जाऊन बारा वर्षं. शेवटी ती म्हणाली, की झरोका उघडा राहिला नाही तर पोरीचं लग्न मोडेल. देल्फिना ढिम्म. काम होईपर्यंत संताला सुटका नाही, मेस्त्री, परत आत घाला, असं तिने फर्मावलं. मिरेयाचं इकडे आड तिकडे विहीर झालं.

मेस्त्री सावकाश खाली उतरले. त्यांनी बाहीने संताचं तोंड पुसलं आणि त्याला बेसिनवरच्या फळीवर नीट सरळ उभं केलं. देल्फिना हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही, नुसती लाजली. यामिलेतने तोंडावर हात दाबला. मिरेयाला कळायला अंमळ वेळच लागला.

झरोका मोकळा झाला, मेस्त्रींनी भिंत खरवडून दिली आणि रविवारपर्यंत ती खडखडीत वाळली. एर्मिनियाबाईंनी आत डोकावून वास घेतला, बोट फिरवून पाहिलं आणि खूश होऊन बाहेर आल्या. बैठकीत क्रिसांतो मेस्त्री कडक इस्त्रीचा सदरा घालून, मांडीवर नारळाच्या वड्यांचा पुडा घेऊन बसलेले.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"हेही मागणी घालायलाच आलेत," देल्फिना म्हणाली. "माझ्या मुलीचा होकार पाहिजे म्हणतात."

सगळे मिरेयाकडे बघू लागले. मुलगी देताना काय बोलायचं, ते तिने आठवडाभर घोकलं होतं. आई देताना काय बोलतात, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

"न्या," ती डोळे पुसत म्हणाली. "पण जेवायला रोज इथेच घेऊन या."