ठिपका हलंना

महादेवआप्पांचा पहिला फोन आम्ही ऑफिसचं कुलूप काढायच्या आतच येतो. ‘‘ताई, ठिपका हलंना.’’

सोलापुरातलं आमचं छोटं ऑफिस शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांसाठी वेबसाइट चालवतं. मत्स्यबीज, खाद्य, बर्फ, बाजाराला माल न्यायची गाडी, सगळं तिथं मागवता येतं. गाडी निघाली की नकाशावर हिरवा ठिपका सरकतो. बाकीचे शेतकरी तो एकदा बघतात आणि कामाला लागतात. मंद्रूपचे आप्पा मोबाइल डोळ्यांसमोर धरून तळ्याभोवती फेऱ्या मारतात. वय सत्तरीला टेकलंय, पण पाय एका जागी ठरत नाहीत.

ठिपका थांबला की आधी ड्रायव्हरला फोन. ‘‘चा पितोस व्हय? पी की. पण बशीत ओतून पी, लवकर निवतो.’’ मग मला. वेबसाइटवर ‘शेरा’ असा एक रकाना आहे. लोक त्यात मालाची तक्रार लिहितात. आप्पा लिहितात, ‘मासं आज जरा गप हायत.’ यावर काय करायचं, ते ऑफिसात अजून कुणाला सुचलेलं नाही.

त्यांच्या स्वतःच्या मालाची गाडी महिन्यातून जेमतेम दोनदा. फोन मात्र रोज. सगळ्यांच्या गाड्या सगळ्यांना दिसतात, ही खरं तर आमचीच चूक. दुरुस्त करायची राहून गेली होती.

मे महिन्यातल्या एका दुपारी ते म्हणाले, ‘‘ताई, शांताबाईचा ठिपका हलंना. अर्धा तास झाला.’’

शांताबाई पलीकडच्या गावच्या. बचत गटातल्या बायकांना घेऊन त्यांनी पहिल्यांदाच तळं केलं होतं. गाडीत त्यांचं मत्स्यबीज होतं, बोटभर पिल्लं, प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत. ऊन रणरणत होतं आणि ड्रायव्हरचा फोन लागत नव्हता. मी दुसरी गाडी शोधू लागले, तोवर आप्पा निघालेसुद्धा.

गाडी रस्त्यात बंद पडली होती. आप्पांनी शेजाऱ्याच्या टेम्पोत पिशव्या चढवल्या, ओल्या पोत्यांनी झाकल्या आणि थेट शांताबाईंच्या तळ्यावर नेल्या. बायका लगेच पिल्लं सोडायला निघाल्या, तर त्यांना अडवून, पिशवीतलं पाणी तळ्याइतकं गार होईपर्यंत पिशव्या आधी पाण्यावर तरंगत ठेवायला लावल्या. जवळजवळ सगळी पिल्लं जगली.

दुसऱ्या दिवशी मी मंद्रूपला गेले. विचारलं, ‘‘आप्पा, तुम्ही सगळ्यांच्याच गाड्या बघत बसता?’’

‘‘व्हय की.’’ ते चुलीकडं वळले. ‘‘कारभारीण जाऊन चार वर्सं झाली. लेक सासरी सुखात हाय. हितं यायचं कुणी न्हाय, मग वाट कुणाची बघायची? तवा ज्याची त्याची बघतो.’’

मी निघते म्हणाले, तेव्हा त्यांनी परातीत पीठ घेतलंसुद्धा होतं. भाकरी झाल्या. त्यांचं ताट समोरच होतं. दुसरं शोधायला त्यांना बराच वेळ लागला.