पाट्यावरची नळी

सकाळी बरोबर नऊला मुलुंडच्या आमच्या गल्लीत शिट्टी वाजायची. नव्या माणसाला वाटायचं, पोलीस आले. कसले पोलीस! पांढरा कोट, खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा आणि पायात रबरी सपाता अशा थाटात आमचे धुरीकाका आपल्या रक्ततपासणीच्या दुकानाच्या पायरीवर उभे असायचे आणि शेजारच्या मसाल्याच्या कांडपाकडे हात करून ओरडायचे, "गोदाबाय, बंद!" की ते धडधडणारं कांडप तासभर गप्प.

"काका, तुमच्या एका नळीपायी माझ्या बारा बायका खोळंबल्यात!" गोदाबाई मिरचीनं लाल झालेले हात नाचवत म्हणायच्या.

"मिरची तासाभरान कुटलंस तरी तिखटच रवतली. रगात थांबूचा नाय."

हा सगळा खटाटोप ईएसआरसाठी. त्यात अवघड काही नाही हो. रक्त एका बारीक काचेच्या नळीत उभं भरायचं आणि तासभर हात लावायचा नाही. तांबड्या पेशी हळूहळू खाली बसतात. जितक्या जास्त बसतील, तितकी शरीरात कुठंतरी सूज आहे असं समजायचं. आकडा लहान तर झकास, मोठा तर वाट लागली. पण कांडपाच्या हादऱ्यानं नळी थरथरली तर आकडा चुकेल, या धास्तीनं काकांनी नळ्यांचा स्टँड चक्क पाट्यावर ठेवला होता. वाटण वाटायचा दगडी पाटा. काकू गेल्यावर घरात वाटण करणार कोण, म्हणून तो दुकानात आला. "हेच्यासारखो स्थिर माझ्या घरात दुसरो कोण नव्हतो," काका म्हणायचे. "मी तर नायच."

माझी आणि त्या पाट्याची ओळख पोटामुळे झाली. माझ्या आतड्याला क्रोन्स नावाचा आजार होता. ऐंशीच्या त्या दशकात हे नाव आमच्या डॉक्टरांनीही फक्त पुस्तकात वाचलेलं. त्यांनी आधी टीबी समजून मला नऊ महिने गोळ्या चारल्या. मी वाळून खारकेसारखी झाले, तेव्हा कुठं शहरातल्या एका सर्जननी पोट उघडलं आणि वीतभर आतडं कापून काढलं. मला वाटलं, सुटले! तर टाके काढताना तो भला माणूस म्हणतो, "हा परत येऊ शकतो. दर महिन्याला रक्त बघत राहा."

म्हणून मी महिन्याच्या पहिल्या शनिवारी काकांकडे. त्यांचा नियम असा, की ज्याचं रक्त त्यानं तासभर तिथंच बसायचं. बाकीचे लॅबवाले म्हणायचे, संध्याकाळी या, रिपोर्ट घेऊन जा. काका म्हणायचे, "रगताक एकटा टाकून जातात काय कोण?" मग त्या तासात दोन चहा, एक नानकटाई आणि काकांची बडबड. मला आधी फार राग यायचा. शनिवार माझा, रक्त माझं, आणि बसवून ठेवणारे हे कोण? पण खोटं कशाला बोलू, वर्षभरात मीच त्या तासाची वाट बघायला लागले.

काकांनी माझ्या नावाचा एक ग्राफपेपर केला होता. दर महिन्याला त्यावर एक टिंब. "पोट दुखतला तेव्हा उशीर झालेलो असतलो," पेन्सिल कानामागे खोचत ते सांगायचे. "पोटाच्या आधी रगताक कळता. आणि रगात खोटा बोलना नाय." मोठ्या लॅबमध्ये सूज मोजायची सीआरपी नावाची नवी तपासणी निघालीय असं मी एकदा सांगितलं, तर म्हणाले, "नवी सून आसा. नांदूंदे जरा, मगे बघूया."

देवाधर्माचं मात्र त्या दुकानात नावही काढायचं नाही. एकदा वरच्या मजल्यावरच्या मावशींनी नवऱ्याच्या नळीला हळूच अंगारा लावला. काकांनी बघितलं मात्र! "अंगाऱ्यान रगात सुधारला असता, तर माका हय कोणी इचारला असता? ह्या देऊळ न्हय!" मावशी रडकुंडीला आल्या. मग काकांनीच त्यांना नानकटाई दिली.

तीन वर्षं माझी टिंबं शहाण्या मुलांसारखी एका ओळीत चालली होती. बारा, चौदा, बारा. आणि एका मार्चमध्ये काकांनी घड्याळाचा गजर बंद केला, नळीवर डोळा लावला आणि कानामागची पेन्सिल काढून परत तिथंच खोचली. अठ्ठेचाळीस. परत ते इस्पितळ, परत ती सुरी, परत नाकातली नळी! देवा रे, नको!

काकांनी मला समोर बसवलं. "भायर काय खाल्लंस?" नाही. "ताप? खोकलो?" नाही. त्यांनी चहा मागवला. मी रडत रडत प्यायले. काका टक लावून बघत होते.

"गो, तू चाय एकाच गालान कित्याक पितस?"

"सवय आहे."

"सवय? तीन वर्सां बघतंय तुका. आ कर."

मी आ केला. काकांनी बॅटरी मारली. "अगो बाय माझे! दाढ किडली, हिरडी सुजली, आणि ही हय पोटाच्या नावान रडता!"

काय करू? पंधरा दिवस दाढ ठणकत होती, पण मी कुणाला बोलले नव्हते. पोट फाडून घेतलेली मी बाई दाताच्या डॉक्टरला घाबरत होते. हसू नका.

"पण काका, म्हणजे पोट ठीक आहे ना?"

काकांनी बॅटरी बंद केली. "ता आता नाय कळूचा. सूज दाढेची की पोटाची, ह्या नळी सांगणा नाय. दाढ काढ, जखम भरांदे. तीन आठवड्यान ये. आकडो खाली ईलो तर दाढ. नाय ईलो तर…" पुढचं त्यांनी नानकटाईबरोबर गिळलं. सर्जनही फोनवर तेच म्हणाले. आकडा उतरला नाही तर पोट परत बघावं लागेल.

दाढ काढली. तीन आठवडे कसे काढले ते माझं मला ठाऊक. त्या शनिवारी ऐन मसाल्याचा मोसम, गोदाबाईंकडे बायकांची रांग गल्लीच्या तोंडापर्यंत. शिट्टी वाजली, कांडप थांबलं. काकांनी रक्त घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले, "तू आज भायर बाकड्यार बस."

बसले. चाळीस मिनिटं गेली. मग मला राहवेना, मी पडद्याशी गेले. आतून पुटपुटणं ऐकू येत होतं. फटीतून बघितलं, तर काका पाट्यासमोर हात जोडून उभे. सपाता काढलेल्या.

"बा देवा म्हाराजा!" काका घोगऱ्या आवाजात म्हणाले. आणि लगेच बारीक आवाजात स्वतःच, "व्हय म्हाराजा!"

"ह्या चेडवाचा रगात आज तुझ्यासमोर उभा केलला आसा… व्हय म्हाराजा!… तेच्या पोटाची ईडापीडा बारा वाटेन घालव… व्हय म्हाराजा!"

चेडू म्हणजे पोर, म्हणजे मीच. माझं आजोळ कुडाळचं. गाऱ्हाणं मी लहानपणापासून ऐकलंय. ते एकट्यानं घालायचं नसतं. एकानं देवाला सांगायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. इथं जमणार कोण? काकू गेलेल्या, मूलबाळ नाही. काका दोन्ही आवाज आपणच काढत होते. आधी मला हसू फुटलं, आणि मग मी पडद्याच्या आणखी जवळ सरकले.

"आणि तेची टिंबां सरळ रेषेत चलांदेत म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!" मी पडद्याआडून म्हणाले.

काका दचकले. मागं वळून बघितलं नाही. उलट आवाज चढवून म्हणाले, "तेका परत सुरी दाखव नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या खेपेला खिडकीबाहेरून रांगेतल्या बायकाही ओरडल्या. निम्म्याअधिक आमच्याच मुलखातल्या. गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंड आपोआप उघडतं. सगळ्यांत मोठा आवाज गोदाबाईंचा होता.

गजर झाला. काकांनी चष्मा पुसला, नळीवर डोळा लावला. परत चष्मा पुसला. मग ग्राफपेपर काढला आणि टिंब दिलं. मी वाकून बघितलं. चौदा!

मी तिथंच भोकाड पसरलं. काका सपाता शोधत होते आणि त्यांना त्या सापडत नव्हत्या, डोळ्यांतलं पाणी त्यांचंही थांबेना.

"काका, हे देऊळ नव्हे ना?" मी नाक पुसत विचारलं.

"गप रव," ते म्हणाले. "आणि फुडच्या म्हयन्यात मोठ्यान म्हण. तीन वर्सां तू येवच्या आधी एकटोच म्हणतंय, घसो बसता माझो."